मामांच्या खिशातली कडी

पहिल्याच पायडलला चेन रस्त्यावर पडली.

घरात कोणी नव्हतं. नवरा आणि सासू-सासरे जयसिंगपूरला एका वास्तुशांतीला गेले होते आणि मी पोटात दुखतंय म्हणून मागं राहिले होते. दुखत काहीच नव्हतं. तिघं वळणावरून दिसेनासे झाल्यावर मी ओढणी कमरेला गुंडाळली, बोळातल्या हुकावरून माझी सायकल उतरवली, भिंतीला हँडल घासू न देता दारात आणली आणि आठ महिन्यांनी पहिल्यांदा पाय पायडलवर दाबला. पायाखाली काही लागलंच नाही. पायडल मोकळंच फिरलं, नडगीवर आपटलं, आणि मागं वळून बघते तर चेन रस्त्यावर पसरलेली.

समोर नळावर शेवंतामावशी कळशी भरत होत्या. "तुटली काय गं?" त्यांनी विचारलं.

"हां, तुटली."

तुटली नव्हती हे मला ती हातात घेतल्याबरोबर कळलं. असल्या सायकलच्या चेनला एक जोडकडी असते. तिचे दोन बारीक तुकडे एकमेकांत अडकवले की चेन जोडली जाते आणि धुवायला काढायची झाली तर तेवढी एकच कडी पकडीनं उघडायची. ती कडी चेनीत नव्हती. तिच्या जागी काळा दोरा होता, चारपदरी, मेण लावलेला, आणि त्याला तांदळाच्या दाण्याएवढी चपटी गाठ. लांबून बघणाऱ्याला चेन धडधाकट दिसावी असं नेटकं काम होतं. गाठ विणकराची होती. आमच्या गल्लीत तसली गाठ शेंबडं पोरही मारतं, पण माझ्या सायकलला हात लावणारं माणूस घरात एकच होतं.

मामा. म्हणजे माझे सासरे.

दुसऱ्या कुणी केलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. मी भर रस्त्यात उभी राहून रडले आणि डोळे पुसायला गेले तर चेनीचं काळं तोंडाला लागलं. शेवंतामावशी कळशी कडेवर घेऊन बघत राहिल्या.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मामाही आता नाहीत. पण ती गाठ अजून माझ्या बोटांना आठवते.

मी आजऱ्याची. आमच्याकडं घरातून बाहेर पडलं की एक तर चढ, नाहीतर उतार. कॉलेजात असताना डोंगरातल्या सायकल शर्यतीत मी राज्यात दुसरी आले होते. लग्नात माझ्या भावानं ती सायकल रुखवतात मांडली, भरतकामाचा गणपती आणि पाच प्रकारचे लाडू यांच्या मधोमध, हँडलला गजरा बांधून. वऱ्हाडातल्या लोकांनी नवरी सोडून तिच्याबरोबर फोटो काढले. संदेशनं, माझ्या नवऱ्यानं, सगळ्यांदेखत सांगितलं की आमच्या इचलकरंजीपासून रामलिंगचा डोंगर जवळ आहे, रोज जा.

इचलकरंजीत आले. खाली आठ माग, वर आम्ही चौघं. सकाळी माग सुरू झाले की फरशी थरथरायची, फळीवरची भांडी थरथरायची, बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं. आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या होत्या की चार दिवसांत सवय होईल. सवय झाली. झाली याचीच मला भीती वाटायला लागली.

सायकल चालवू नको असं कोणी म्हणालं नाही. संदेश म्हणायचा, नको कोण म्हणतंय, पण पाऊस आहे, जरा थांब की. पाऊस संपला तशी दिवाळी आली. दिवाळी झाली तशी पाव्हण्यांची रीघ लागली, मग थंडी. आत्या माझ्या केसांना तेल लावता लावता सांगायच्या की त्या दांडीवर बसून पुढं बाळंतपणाला त्रास होतो, त्यांच्या माहितीतल्या एकीला झालाय. कुणी दार लावून घेतलं असतं तर मी त्याला धडका तरी दिल्या असत्या. इथं दारं सगळी उघडी होती आणि प्रत्येक दारात कोणीतरी मायेनं उभं होतं. आठ महिन्यांत मी एकटी भाजीलासुद्धा गेले नव्हते.

मामा त्यातले नव्हते, असं मी समजत होते. दत्तू जॉबर म्हणून त्यांना सगळी पेठ ओळखायची. जॉबर म्हणजे मागांची दुरुस्ती करणारा माणूस. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे माग दुरुस्त करून त्यांनी स्वतःचे आठ उभे केले होते. बोलणं कमी. सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की ते माझी सायकल अंगणात आणायचे, पोतं अंथरायचे आणि चेन काढून रॉकेलच्या डब्यात बुडवायचे. सायकल जागची हलत नव्हती, पण मागांचा कापूस सगळ्या घरभर उडायचा आणि तेलाच्या चेनीवर बसून तिला राखाडी लव यायची. मामा जुन्या दातघाशीनं ती लव काढायचे, सुताच्या चिंध्यांनी चेन कोरडी करायचे आणि मग शिलाई मशीनच्या तेलाच्या डबीनं प्रत्येक कडीवर एकेक थेंब सोडायचे. एकशे चौदा कड्या, एकशे चौदा थेंब. वर आलेलं तेल पुन्हा सगळं पुसून घ्यायचे.

"तेल आत पायजे, भाईर न्हवं," ते म्हणायचे. "भाईरचं तेल धूळ वढतंय."

आणि प्रत्येक वेळी काम संपत आलं की, "पोरी, आता चहा टाक." मी आत जायची. चहा घेऊन येईपर्यंत सायकल पुन्हा बोळात हुकावर. उद्यापर्यंत फिरवू नको, तेल मुरू दे, असं सांगायचे. मी कधी फिरवली नाही. मला वाटायचं, या घरात एक माणूस तरी माझ्या सायकलची वाट बघतंय.

त्या दिवशी मी चेन उचलून आत आणली आणि जमेल तशी त्याच दोऱ्यानं पुन्हा बांधली. विणकराची गाठ मला येत नव्हती, म्हणून साधी दुहेरी गाठ मारली. सायकल हुकावर टांगली, हात राखेनं घासले आणि खाटेवर जाऊन पडले. आता खरंच पोटात दुखायला लागलं होतं.

संध्याकाळी मंडळी आली. माझ्यासाठी डब्यात पुरणपोळी बांधून आणली होती. जेवताना संदेशनं आनंदानं सांगितलं की सायकलला गिऱ्हाईक मिळालंय, सांगलीचा माणूस आहे, परवा सुट्टीदिवशी अकरा वाजता येणार. पडून पडून खराब होण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडेल, बोळातली जागाही मोकळी होईल, आणि तुला पुढं स्कूटी घेऊ. तो मनानं वाईट नव्हता. आपण बायकोला चांगली बातमी देतोय असंच त्याला वाटत होतं. मग तो मामांकडं वळून म्हणाला की तेवढी चेन चकाचक करून, सगळं बसवून ठेवा, तो चालवून बघणार आहे.

मामा घास चावत "हूं" म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

आता माझ्याकडं सायकल शिकायला येणाऱ्या मुली मला विचारतात, तुम्ही ओरडला का नाही? कुणावर ओरडायचं? समोर पुरणपोळी होती, तिच्यावर तूप वाढलेलं होतं, आणि आत्या आणखी एक घे म्हणत होत्या. मी तीही खाल्ली.

सुट्टीदिवशी माग बंद होते. सगळी गल्ली गप्प होती. संदेश दहालाच स्टँडवर पाव्हण्याला आणायला गेला, आत्या देवळात गेल्या. मामांनी अंगणात पोतं अंथरलं, सायकल उलटी केली आणि चेनीला हात घातला. मी जाऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

त्यांच्या बोटांना गाठ लागली. बोटं थांबली. अंगठ्यानं त्यांनी ती गाठ दोनदा चाचपली, त्यांची स्वतःची नव्हती ती. मग खिशातलं ब्लेड काढून दोरा कापला आणि चेन रॉकेलमध्ये सोडली.

"पोरी, चहा टाक," ते म्हणाले.

अजून कामाला सुरुवातही झाली नव्हती. आठ महिने तो चहा नेमका कशासाठी होता हे मला तेव्हा कळलं.

"नंतर टाकते," मी म्हटलं. "कडी कुठं आहे, मामा?"

त्यांनी छातीवरच्या खिशाला हात लावला. सुपारीची चंची काढली, तिच्या आतल्या कप्प्यातून कागदाची पुडी काढली आणि उघडून पोत्यावर ठेवली. जोडकडीचे दोन तुकडे होते. पुसलेले, तेल लावलेले, चकचकीत.

मी काही विचारायच्या आत ते मागांबद्दल बोलायला लागले. मला वाटलं विषय टाळतायत. त्यांच्या उमेदीच्या काळात कारखान्यात एक पद्धत होती. जॉबरला मागात हात घालायचा असला की आधी तो मागातला धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडं नेणारा लाकडी तुकडा, काढून आपल्या कमरेला खोचायचा. धोट्याशिवाय माग चालू करून उपयोग नाही, त्यामुळं जॉबर स्वतः धोटा परत देत नाही तोवर त्या मागाच्या हँडलला कोणी हात लावायचा नाही, अगदी मालकानंही नाही. एकदा त्यांच्या जोडीदारानं घाईत धोटा जागच्या जागी ठेवून हात घातला. कुणीतरी हँडल ओढलं. दोन बोटं गेली. मामा शेजारीच उभे होते.

"म्हणजे माझी बोटं वाचवत होता काय?" मी विचारलं. सासऱ्यांशी असं बोलतात का, हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "तुझं लगीन झाल्यावर म्हैन्याभरातच ही इकायची ठरलीती. तुझी आत्या आनि संदेश, दोघांचं एकमत. मी म्हटलं, इकू नगा. ही घराभाईर जाणार न्हाई, ती जिम्मेदारी माझी. शबूद दिला."

"मला सांगायचं होतं."

"सांगून काय झालं असतं? तू भांडली असतीस, आनि दुसऱ्या दिवशी सायकल गेली असती." ते रॉकेलच्या डब्याकडं बघत होते. "ह्या घरात माझा शबूद खालच्या मजल्यापातूर चालतोय, पोरी. वर न्हाई चालत. मी भित्रा माणूस हाय."

मला त्यांचा राग आला होता, तो तसाच होता. पण भित्रा हा शब्द ते स्वतःच्या तोंडानं बोलले होते, आणि तेही मी ऐकलं होतं.

मग ते म्हणाले, "मोडीत काढलेल्या मागाचा धोटा कोन खिशात ठेवत न्हाई. काम चालू असतंय त्याचाच ठेवत्यात."

मी डब्यात हात घातला आणि चेन बाहेर काढली. मामा म्हणाले, हात घाण होतील. मी दातघाशी घेतली.

"आज मी करणार," मी म्हटलं. "मग कडी कुणाच्या खिशात पाहिजे?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षं पाळलेली पद्धत होती, तिच्यापुढं त्यांचं काही चालेना. त्यांनी दोन्ही तुकडे उचलले आणि माझ्या तळहातावर ठेवले. माझ्या ड्रेसला खिसा नव्हता. आमच्या गल्लीतला शिंपी बायकांच्या कपड्यांना खिसे लावत नसे आणि कुणी मागतही नसे. मी ओढणीच्या टोकात तुकडे बांधले.

"गाठ काय ती," मामा म्हणाले. "म्हस बांधल्यागत."

मी चेन धुतली. एकेक कडी दातघाशीनं घासली, दुसऱ्यांदा रॉकेलमधून काढली, चिंध्यांनी पुसली, उन्हात धरली. मामा तेलाची डबी माझ्या हातात देऊन कड्या मोजत बसले. साठाव्या थेंबाला संदेशचा फोन आला. पाव्हणा उतरलाय, मिसळ खाऊन निघतोच, झालं का काम? मामा म्हणाले, चालू हाय. पाव्हणा येणार आणि ही धुतलेली चेन घेऊन जाणार, मी हुक रिकामा बघत बोळातून रोज ये-जा करणार, हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं की हात थांबायला लागले. नव्वदाव्या थेंबाला मामा स्वतःच मोजायचं विसरले. मी मोजत राहिले. एकशे चौदा झाले, वरचं तेल पुसून घेतलं, सायकल सुलटी केली आणि चेन दात्यांवर चढवली. दोन मोकळी टोकं माझ्या दोन हातांत होती.

आता फक्त कडी घालायची. मी ओढणीच्या गाठीला हात घातला आणि मामांकडं बघितलं.

ते पोत्यावर बसून होते. त्यांनी घरात शब्द दिला होता. मी त्यांच्यादेखत कडी बसवली आणि निघाले तर त्यांना उठून मला अडवावं लागणार होतं, नाहीतर मुलापुढं खोटं बोलावं लागणार होतं. यातलं काहीही त्यांना जमणारं नव्हतं. उठताही येईना, बसून बघताही येईना, असं त्यांचं तोंड झालं होतं. त्या घरात मी एकटीच अडकलेली नव्हते.

"मामा," मी म्हटलं, "चहा टाका."

त्यांनी जन्मात गॅस पेटवला नव्हता. आधी त्यांना कळलंच नाही, मग कळलं. गुडघ्यावर हात टेकून ते उठले, धोतर झटकलं आणि आत निघाले. उंबऱ्यावर थांबले.

"साखर कुठाय?"

"वरच्या फळीवर. निळा डबा."

ते आत गेले. भांड्यांचा आवाज सुरू झाला, चहाला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त.

मी कडीचे तुकडे टोकांत घातले, एकमेकांत सरकवले. ही कडी हातानं पक्की बसत नाही. मागचा ब्रेक दाबून धरायचा आणि पायडलवर सगळं वजन टाकायचं. मी टाकलं. कट् झालं. माग चालू असते तर माझं मलाही ऐकू गेलं नसतं, पण त्या दिवशी सगळी गल्ली गप्प होती. स्वयंपाकघरातली भांडी क्षणभर थांबली. मग पुन्हा वाजायला लागली.

गल्लीच्या कोपऱ्यावर संदेश आणि सांगलीचा माणूस समोरूनच येत होते. संदेशनं हात वर केला, मला थांबवायला की नमस्काराला हे त्यालाही माहीत नसावं. मी थांबले नाही. चेनीचा आवाज म्हणून नव्हता. तो माणूस तेव्हा काय म्हणाला ते संदेशनं मला फार पुढं, त्याला त्याचं हसू यायला लागल्यावर सांगितलं. तो म्हणाला होता, "हीच काय सायकल? चांगली पळतीया की."

रामलिंगच्या चढाला मी दोनदा खाली उतरले. आठ महिन्यांत मांड्यांत जीव राहिला नव्हता. वर जाऊन बसले. परत जायची इतकी भीती वाटत होती की एकदा वाटलं, असंच आजऱ्याला जावं. पण परत आले. तीन वाजले होते.

पाव्हणा निघून गेला होता. आत्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं ते पुढं पंधरा दिवस. संदेश मामांसमोर उभा होता, आणि मी दारात सायकल धरून उभी असताना त्यानं त्यांना विचारलं की तुम्ही शब्द दिला होता ना, मग ती गेली कशी?

"मी तिला जाताना बघितली न्हाई," मामा म्हणाले. "मी चहा टाकाय गेलोतो."

त्यात खोटं काहीच नव्हतं, त्यामुळं संदेशला पुढं विचारता येईना. तुम्ही, चहा, एवढंच तो दोनदा म्हणाला. सायकल विकायचा विषय त्यानं त्या दिवशी काढला नाही आणि नंतर काढायची हिंमत केली नाही.

ओट्यावर माझा चहा झाकून ठेवलेला होता. गार झाला होता, वर जाड साय आली होती आणि साखर दोनदा पडली होती. मी तो उभ्यानंच सगळा प्यायले. मामा दारात येऊन कसा झालाय म्हणून विचारून गेले. मी बरा झालाय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या शिंप्याकडं गेले, एकटी. माझे पाचही ड्रेस त्याच्या मशीनवर ठेवले आणि सगळ्यांना उजवीकडं खिसे लावायला सांगितलं. त्यानं ड्रेस उलटसुलट करून बघितले. बाईमाणसाला खिसा कशाला, त्यानं विचारलं.

"काम चालू हाय," मी म्हटलं.